राजापुरीची शिडाची होडी, पाऊण तासाचा जंजिरा आणि सिकंदराचा बांध

राजापुरी जेट्टीवरून जंजिऱ्याला जाणारी शिडाची होडी चुकवू नका. होडीला पाचपैकी साडेचार, तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्याला, पाच, आणि किल्ल्यात शिरल्यावर जे ऐकवले जाते त्याला दोन. फोटो काढून नारळपाणी पिऊन परतायचे असेल तर पुढचे वाचायची गरज नाही. सिकंदरासारखे सेनापती विजय कसे मिळवायचे, हा प्रश्न डोक्यात असेल तर मात्र ही अर्ध्या दिवसाची फेरी फार कामाची आहे. वेढा घालणाऱ्याकडे असते ते सगळे, म्हणजे बांध, शिड्या, तोफा, नाकेबंदी, याच पाण्यावर वापरून झाले आहे, आणि किल्ला तरीही समोर उभा आहे. जिंकणाऱ्याला काय लागते हे जिंकलेल्या जागेपेक्षा न जिंकलेल्या जागेवर जास्त स्पष्ट दिसते.

आधी वेळेचे गणित. राजापुरी मुरूडच्या दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा जून ते ऑगस्ट हा विषयच सोडा. बाकीच्या महिन्यांत बहुतेक लोक रविवार बघून येतात. त्यांनी तिथी बघून यायला हवे. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण मोठे असते खरे, पण तेव्हा भरती दुपारी आणि सुकती पहाटे किंवा तिन्हीसांजेला, म्हणजे होड्यांच्या वेळेबाहेर. अष्टमीला भरदुपारी ओहोटी मिळते, पण ती भांगाची, पाणी फारसे हलतच नाही. म्हणून चतुर्थी-पंचमी गाठा आणि सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास पाण्यावर असा. तटाच्या पायथ्याचा काळा कातळ तेव्हा उघडा पडलेला असतो. त्याच दिवशी दुपारी तीननंतर जेट्टीवरून पुन्हा एकदा बघा. सकाळी दिसलेला कातळ पाण्याखाली गेलेला असतो. उधाणाच्या दिवसांत इथे पाणी दहा-बारा फूट चढते-उतरते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

होडी लाकडी, तिकोनी शिडाची, वीसेक माणसे सहज बसतात. वारा नीट असला की पंधरा-वीस मिनिटांत पोहोचते. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे जाताना होडी सरळ सुटते. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुरू झाला की तीच होडी तिरकी घेत, शीड इकडचे तिकडे करत न्यावी लागते. तांडेलाशेजारी जागा मिळाली तर सोडू नका. सुकाणूवरचा हात आणि शिडाची दोरी यांच्यात काय चालले आहे ते पाहिले की रात्रीच्या हल्ल्याचा अर्धा धडा कळतो: पहाटेच्या मतलईवर पडाव, म्हणजे माणसे नेणाऱ्या मोठ्या होड्या, किल्ल्यापर्यंत झटकन जातात, पण फसले तर वारा फिरेपर्यंत परतीला वल्ही मारावी लागतात, तीही तोफांच्या टप्प्यात.

किल्ल्याचा दरवाजा राजापुरीच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला आहे. तरीही होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. दोन बुरुजांच्या बगलेत दडलेला आहे. उतरण्याची जागा हा या सेवेचा सगळ्यात कच्चा भाग. होडी खालीवर होत असते आणि पायऱ्या शेवाळलेल्या असतात. लाट होडीला वर उचलते त्या क्षणी पाऊल टाकायचे, उतरत्या लाटेत कधीच नाही. होडीची कड आणि दगड यांच्यात हात ठेवू नका, बोटे चेंगरतात. लाइफ जॅकेट मागून घ्या, दिले नाही तर बसू नका. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि कडेवर मूल असलेल्यांनी शेवटी उतरावे, म्हणजे मागून ढकलाढकली होत नाही. या सगळ्यात गाईडचा एकही शब्द लागत नाही, पण किल्ल्याच्या रचनेतली मुख्य गोष्ट इथेच कळते. पाय टेकायला वाळू नाही, फळी टाकायला जागा नाही. पाण्यातून कातळ आणि कातळातून सुमारे चाळीस फुटांचा तट. खांद्यावर शिडी आणि वरून गोळ्या असताना हेच उतरणे कसे होईल, ते ज्याचे त्याने ताडावे.

आत साधारण पाऊण तास मिळतो, आणि तो कमी पडतो. नेहमीचा क्रम असा असतो: दरवाजावर पंजात हत्ती धरलेल्या शरभाचे शिल्प, मग कलालबांगडी तोफ, मग वाड्याचे पडके मजले, मग फोटो. त्याऐवजी गटाला आधीच सांगून क्रम बदलून घ्या. दरवाजातून थेट पूर्वेच्या तटावर चढा आणि राजापुरीचा किनारा डोळ्यांनी मोजा. मधले पाणी एक किलोमीटरच्या आतबाहेर आहे. मग गोड्या पाण्याचे तलाव बघा. भोवती खारे पाणी आणि आत गोडे, यावरच वेढ्याचे निम्मे भवितव्य ठरते. तिसरा थांबा पश्चिमेचा दर्या दरवाजा. ही छोटी दिंडी खुल्या समुद्राकडे उघडते. पूर्वेकडून कितीही गळा आवळला तरी इथून धान्य, दारूगोळा आणि माणसे आत येऊ शकत होती. तोफा शेवटी बघा. त्या कुठे पळून जात नाहीत.

आता गाईडला दोनच गुण का. पाठांतर उत्तम, आवाज खणखणीत, विनोद ठरलेल्या जागी. पण कलालबांगडीचा पल्ला बारा किलोमीटर असल्याचे बिनदिक्कत सांगितले जाते. गुळगुळीत नळीच्या तोफेचा गोळा अंतर वाढेल तसा भरकटतो. एक-दीड किलोमीटरच्या पुढे नेमाचा भरवसा राहत नाही. तोफ मोठी आहे, बावीस टनांची सांगतात, पण तिचे खरे काम खाडीच्या तोंडाशी येणाऱ्या गलबताला जवळ न येऊ देणे हे होते आणि तेवढे पुरेसे होते. दुसरे, समुद्राखालून राजापुरीपर्यंत गेलेले भुयार. असे भुयार असते तर किल्ला राखणाऱ्या सिद्दीला आरमारावर एवढा पैसा ओतायची गरजच काय होती, हा प्रश्न विचारून बघा. गट पुढे हलवला जातो. तिसरे, ‘अजिंक्य’ हा शब्द. दगडी कोट अजिंक्य राहिला हे बरोबर. पण त्याआधी इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, राम पाटलाचा, आणि तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाही सरदार पिरमखानाने घेतला. परंपरेने सांगतात ती हकिगत अशी की व्यापारी म्हणून आश्रय मागितला, दारूची पिंपे भेट दिली आणि रात्री पेट्यांतून माणसे बाहेर काढली. म्हणजे ही जागा एकदा जिंकली गेली आहे, आणि तीही तटावरून नाही, दरवाजातून. आजचा दगडी कोट त्यानंतरचा, १५६७ ते १५७१ या काळातल्या बांधकामाचा.

गाईड जे सांगत नाहीत आणि पूर्वेच्या तटावर उभे राहून जे सांगायला हवे, ते टायरचे. आजच्या लेबनॉनमधले सूर हे गाव. इ. स. पू. ३३२ मध्ये ते किनाऱ्यापासून सुमारे आठशे मीटरवरचे तटबंदीचे बेट होते, म्हणजे जंजिऱ्याचे जुळे भावंडच. सिकंदराने तिथे बांध घातला. दगड आणले किनाऱ्यावरचे जुने टायर पाडून, लाकूड लेबनॉनच्या डोंगरातून. किनाऱ्याजवळ उथळ चिखल होता, त्यात मेखा सहज रुतल्या. शहराजवळ पाणी तीन पुरुष, म्हणजे साडेपाच मीटरच्या आसपास खोल झाले आणि काम अडले. तटावरून बाण, दोन्ही बाजूंनी टायरच्या नावा. सिकंदराने बांधाच्या टोकाला दोन लाकडी बुरूज उभे केले. टायरच्या लोकांनी घोडे वाहणारे एक जुने जहाज राळ, गंधक आणि वाळल्या काटक्यांनी भरले, नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर उचलली जावी म्हणून मागच्या भागात वजन घातले, आणि वाऱ्याबरोबर बांधावर चढवून पेटवून दिले. दोन्ही बुरूज जळाले.

इथवर टायर आणि जंजिरा सारखेच. पुढे सिकंदराने दोन गोष्टी केल्या. बांध जास्त रुंद करून पुन्हा सुरू केला आणि स्वतः जवळच्या सिडोन बंदराला जाऊन जहाजे गोळा केली. ही जहाजे काही आभाळातून पडली नाहीत. त्याने आधीच्या मोहिमेत इराणी आरमाराची बंदरे एकेक करून घेतली होती. घरचे बंदर गेल्यावर त्याच किनाऱ्यावरचे फिनिशियन नाखवे आपापली जहाजे घेऊन त्याच्याकडे आले, ऐंशी. मागोमाग सायप्रसचे राजे, एकशेवीस. इतर मिळून आकडा दोनशेच्या वर गेला. टायरचे आरमार बंदरात कोंडले गेले. त्यानंतर टायरचे पाणबुडे येऊन नांगराचे दोर कापू लागले तेव्हा दोरांच्या जागी साखळ्या लावल्या. जहाजांवर धडकयंत्रे चढवून तटाची कच्ची बाजू शोधली आणि दक्षिणेकडे खिंडार पाडले. सात महिने लागले. शहर पडल्यावर झालेली कत्तल आणि गुलामांचा बाजार हाही त्याच विजयाचा भाग आहे. आठ हजार मारले गेले, तीस हजार विकले गेले असे जुने वृत्तांत देतात. नुसत्या शौर्याच्या गोष्टींत हे आकडे गळतात.

बांधाने टायर पडले असे सगळे म्हणतात. पडले ते आरमाराने. बांधाने शत्रूचे लक्ष आणि माणसे एका बाजूला गुंतवली.

आता जंजिरा. १६८२ साली संभाजीराजांनी राजापुरीच्या बाजूने समुद्रात भर घालायला सुरुवात केली. योजना टायरचीच. फरक पहिला पाण्याचा. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, फूट-दीड फूट. इथे दहा-बारा फूट. याचा दगडावर काय परिणाम होतो ते मोजून बघा. वरून दहा मीटर रुंद बांध धरा, सुटे दगड टाकले की एक मीटर उंचीला बाजूचा पसारा दीड मीटर धरा. पाणी पाच मीटर असेल तर बांधाच्या दर मीटर लांबीला सुमारे ८८ घनमीटर भर लागते. त्यावर साडेतीन मीटर भरती चढणार असेल तर उंची साडेआठ मीटर, आणि भर सुमारे १९३ घनमीटर. उंची पाऊणपटही वाढली नाही, पण दगड दुपटीहून जास्त झाला. शिवाय हे खाडीचे तोंड. सुकतीला खाडीतले पाणी किनारा आणि किल्ला यांच्यातल्या या फटीतूनही बाहेर पडते. बांध जितका पुढे जाईल तितकी फट अरुंद होईल, ओढ वाढेल आणि ताजी भर पायातून खरवडली जाईल. टायरला आज टाकलेला दगड उद्या जागेवर सापडत होता. इथे दिवसातून दोनदा समुद्र येऊन काम तपासून जातो.

फरक दुसरा, ऋतूचा. टायरचा वेढा हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात संपला, सात महिने सलग. कोकणात मृग लागला की समुद्र बंद. वेढा घालणाऱ्याचे आरमार खाडीत ओढून ठेवावे लागते, आणि किल्ल्यातल्यांना चार महिन्यांची उसंत मिळते. सिद्दीचे आरमार पावसाळा काढायला मुंबईत माझगावला जाई. त्याला मुंबईत आसरा, सुरतेकडून मोगलांचा पैसा. टायरची बाहेरची मदत आधीच तोडली गेली होती. जंजिऱ्याची कधीच तुटली नाही.

तिसरा फरक दुसऱ्या आघाडीचा, आणि निर्णायक तोच. संभाजीराजे राजापुरीला असताना मोगल फौज कल्याणच्या बाजूला उतरली आणि मुख्य सैन्य घेऊन त्यांना वळावे लागले. सिकंदराला हे भय नव्हते. इराणचा बादशहा दारियस आदल्या वर्षी इस्ससच्या लढाईत हरून पळाला होता आणि नवे सैन्य जमवत दूर बसला होता. टायरसाठी सात महिने मिळाले हे सिकंदराचे नशीब, आणि दारियसची घोडचूक.

शिवाजीमहाराजांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूने धरला होता. १६७० च्या सुमारास त्यांनी किल्ला इतका दाबला की जंजिऱ्याचा सिद्दी फत्तेखान तो द्यायला तयार झाला. पण बाकीच्या सिद्दींनी त्यालाच कैद केले आणि मोगलांची चाकरी धरली. पुढच्याच वर्षी होळीच्या रात्री सिद्दी कासमने किनाऱ्यावरचे दंडाराजपुरी परत घेतले. मग महाराजांनी समोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधायला घेतला. पश्चिमेच्या तटावरून वायव्येला बघा, दिसतो. १६७५ च्या जानेवारीतले त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. प्रभावळीच्या सुभेदाराने पद्मदुर्गासाठी ठरलेली रोकड आणि गल्ला, म्हणजे धान्य, वेळेवर पोचवला नाही म्हणून झाडलेले. ‘राजपुरीच्या उरावरी दुसरी राजपुरी’ हे शब्द त्याच पत्रातले. हे पत्र दरवाजाजवळ मोठ्या फलकावर लावायला हवे. दहा हजार माणसांना माणशी किलोभर तांदूळ धरला तर रोज शंभर क्विंटल, म्हणजे बैलाच्या पाठीवर क्विंटलभर धरून रोज शंभर बैल, तेही घाट उतरून. एका सुभेदाराने महिनाभर ढिलाई केली तर तोफा थंड पडतात. सिकंदराच्या बापाने, फिलिपने, नेमके हेच आधी सुधारले होते: गाड्या बंद, दहा पायदळांमागे एक नोकर, आणि मोहिमेवर निघताना महिन्याचे पीठ ज्याच्या त्याच्या पाठीवर. पोराला आयती मिळाली ती ही चाल. भाले-ढाली नंतर.

कोळ्यांच्या लाय पाटलाची गोष्ट गाईड सांगतात आणि छान सांगतात. मोरोपंत पेशव्यांच्या वेढ्यात रात्री पाटलाने तटाला शिड्या लावल्या, मागून यायची ती माणसे आलीच नाहीत, उजाडायला लागले तेव्हा शिड्या काढून परतावे लागले. पण गोष्ट शौर्यावर थांबते. पडाव पाण्यावर आणि फौज जमिनीवर, मध्ये वारा आणि भरती. दोन्ही एका घटकेला एका जागी आणणे हीच अवघड गोष्ट, आणि वेढे बहुधा इथेच फसतात. सिकंदरानंतरच्या पिढीतला मॅसेडोनियन सेनापती दिमित्रियस, त्याने ऱ्होड्स या ग्रीक बेटावर इ. स. पू. ३०५ मध्ये वेढ्याचे केवढे यंत्र नेले होते! वर्षभर वेढा चालला, पण धान्याची जहाजे आत जातच राहिली. शेवटी तह करून निघाला. ‘शहरे घेणारा’ हे बिरुद मात्र आजतागायत त्याच्याच नावापुढे आहे.

खुद्द सिकंदरही याच समुद्राच्या वाऱ्याने मार खाऊन गेला. इ. स. पू. ३२५ मध्ये हिंदुस्थानातून परतताना सैन्य आजच्या बलुचिस्तानातल्या मकरानच्या वाळवंटातून आणि त्याचा नौदलप्रमुख निआर्कस याचे आरमार किनाऱ्याने, असा बेत होता: जहाजांनी धान्य द्यायचे, सैन्याने विहिरी शोधायच्या. पण नैर्ऋत्येचा मोसमी वारा ओसरेना. आरमार आजच्या कराचीजवळच्या एका बंदरात चोवीस दिवस अडकून पडले आणि पुढे गेलेले सैन्य साठ दिवस उपाशी-तहानलेले चालत राहिले. मुरूडच्या होड्या जूनमध्ये ज्या वाऱ्यामुळे ओढून ठेवतात, तोच हा वारा. राजापुरीतल्या कुठल्याही नाखव्याने सिकंदराला वारा ओसरेपर्यंत थांब म्हटले असते.

काही सूचना. पाणी सोबत न्या, आत विकत मिळेल यावर विसंबू नका. टोपी हवीच, तटावर सावली नाही. जेट्टीवर गाईडचे पैसे ठरवताना ‘दर्या दरवाजा आणि दोन्ही तलाव दाखवणार का’ हे आधी विचारा. हो म्हणाला तर दोनाचे तीन गुण करायला हरकत नाही. पद्मदुर्गाची होडी या फेरीत येत नाही. ती मुरूडहून वेगळी ठरवावी लागते आणि समुद्र शांत असेल तरच नेतात. तिथे दगड झिजून आत गेला आहे आणि सांध्यांतला चुना बाहेर राहिला आहे, तेवढ्यासाठी तरी जा. दोन्ही एकाच दिवशी करायचे असतील तर जंजिरा सकाळी मतलईवर उरका आणि पद्मदुर्गाच्या तांडेलाला आदल्या संध्याकाळीच गाठून ठेवा.